विश्लेषण : स्वर लाल, व्यंजने निळी... मुलांना वाचायला शिकवण्यासाठी रंग वापरणाऱ्या मारिया मॉन्टेसरी कोण होत्या?

बालवाडीच्या प्रवेशासाठी शाळा शोधायला निघालेल्या पालकांना ‘मॉन्टेसरी’ हा शब्द गल्लोगल्लीच्या पाट्यांवर दिसतो. आत गेले की रंगीबेरंगी भिंती, रंगीत तक्ते आणि रंगीत अक्षरांचे ठोकळे असतात. मात्र ज्या बाईंच्या नावावर हे सारे चालते, त्यांच्या वर्गात रंगांची उधळण नव्हती. तिथे रंग जपून वापरला जाई आणि प्रत्येक रंगाला एक ठरलेले काम असे. इटलीच्या डॉ. मारिया मॉन्टेसरी (१८७०-१९५२) यांनी अक्षरांना रंग दिला तो वर्ग सुंदर दिसावा म्हणून नव्हे, तर मुलाच्या डोळ्याला फरक कळावा म्हणून. हा प्रयोग त्यांनी आधी केला तो शिकवून काही उपयोग नाही असे ठरवून ज्यांना कोंडून ठेवले होते, अशा मुलांवर.

डॉक्टर होण्याची वाट कशी होती?

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील अँकोनाजवळच्या क्यारावाले या गावी झाला. वडील अलेसांद्रो सरकारी अधिकारी, तर आई रेनिल्दे वाचनाची आवड असलेली. मारिया लहान असतानाच कुटुंब रोमला आले. त्या काळी शिकणाऱ्या मुलींसमोर शिक्षिका होण्याचा मार्ग असे. मारिया यांनी मात्र तेराव्या वर्षी मुलांच्या तांत्रिक शाळेत नाव घातले. सुरुवातीला त्यांना इंजिनीअर व्हायचे होते, पुढे त्यांनी वैद्यकशास्त्र निवडले. वडिलांचा विरोध होता, आई पाठीशी होती.

रोम विद्यापीठात पुरुष विद्यार्थ्यांसोबत मुलीने शवविच्छेदन करणे अशोभनीय समजले जाई. त्यामुळे वर्ग सुटल्यावर, संध्याकाळी, त्यांना एकटीने प्रेतांजवळ बसून हा अभ्यास करावा लागे. १८९६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. इटलीतील पहिल्या महिला डॉक्टर असा त्यांचा उल्लेख अनेकदा होतो, तो बरोबर नाही. त्यांच्याआधीही काही जणी डॉक्टर झाल्या होत्या. पण संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढीच होती.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांशी संबंध कसा आला?

पदवीनंतर १८९७ पासून त्या रोम विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करू लागल्या. उपचारासाठी रुग्ण निवडण्याच्या निमित्ताने त्यांना शहरातील वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. तिथे मोठ्या माणसांबरोबरच लहान मुलेही ठेवलेली असत. कुणाला नीट बोलता येत नसे, कुणाला ऐकू येत नसे, कुणाची समज वयापेक्षा कमी असे. सगळ्यांवर एकच शिक्का मारलेला होता.

मॉन्टेसरी यांच्या चरित्रांत एक प्रसंग नेहमी येतो. एका रिकाम्या खोलीत अशी काही मुले ठेवली होती. जेवण झाले की ती जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे गोळा करत. सांभाळणाऱ्या बाईला त्याची किळस वाटे. मॉन्टेसरी यांनी खोलीभर नजर फिरवली, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की मुलांना हाताळायला तिथे दुसरी एकही वस्तू नाही. ती मुले भुकेली नव्हती, त्यांच्या हातांना काम हवे होते.

यानंतर त्या जुन्या ग्रंथांकडे वळल्या. फ्रान्समधील डॉक्टर जाँ इतार यांनी १९ व्या शतकाच्या सुरुवातीला जंगलात सापडलेल्या एका मुलाला शिकवण्याचा प्रयत्न केला होता. त्यांचे शिष्य एदुआर सेगँ यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शिक्षणसाहित्य तयार केले होते. या दोघांचे लेखन मॉन्टेसरी यांनी स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढले. प्रत्येक शब्दाचा अर्थ तोलायला वेळ मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. अशा मुलांचा प्रश्न औषधांपेक्षा शिक्षणाचा अधिक आहे, या निष्कर्षावर त्या आल्या.

स्वर लाल आणि व्यंजने निळी ही कल्पना काय होती?

१९०० च्या सुमारास रोममध्ये अशा मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी खास शाळा सुरू झाली. डॉ. ज्युसेप्पे माँतेसानो यांच्यासह मॉन्टेसरी यांच्याकडे तिची सूत्रे होती. दिवसभर मुलांसोबत काम आणि रात्री त्या दिवसाच्या नोंदी, असा त्यांचा क्रम होता.

या शाळेसाठी त्यांनी लाकडी अक्षरांचा एक संच बनवून घेतला. अक्षरे वळणदार, लिहिण्याच्या लिपीतली होती. बुटक्या अक्षरांची उंची ८ सेंटीमीटर, जाडी अर्धा सेंटीमीटर. व्यंजनांना निळा आणि स्वरांना लाल रंग दिला होता. सोबत पुठ्ठ्याची कार्डे होती. त्यांवर त्याच मापाची आणि त्याच रंगांची अक्षरे रंगवलेली असत. मुलाने लाकडी अक्षर उचलायचे आणि कार्डावरच्या जुळणाऱ्या अक्षरावर ठेवायचे.

यात रंगाचे काम काय? भाषेत स्वर थोडे असतात आणि व्यंजने पुष्कळ. पण जवळपास प्रत्येक शब्दाला स्वर लागतोच. मोठ्या माणसाला हे सवयीने कळते. लहान मुलाला मात्र सगळी अक्षरे म्हणजे सारख्याच वेड्यावाकड्या रेघा वाटतात. स्वरांना वेगळा रंग दिला की शब्दाची बांधणी डोळ्यांना दिसू लागते. निळ्या अक्षरांमध्ये लाल अक्षर कुठे येते, किती वेळा येते, हे मूल कुणी न सांगता पाहू लागते. स्वर म्हणजे काय, व्यंजन म्हणजे काय, ही व्याख्या त्याला पाठ करावी लागत नाही.

मात्र मॉन्टेसरी यांनी केवळ डोळ्यांवर भिस्त ठेवली नाही. मूल त्या लाकडी अक्षरावरून लिहिण्याच्या दिशेने बोट फिरवी. आधी तर्जनी, मग तर्जनी आणि मधले बोट, मग पेनासारखी धरलेली छोटी काडी. रंग डोळ्यांसाठी, स्पर्श हातासाठी आणि उच्चार कानासाठी, अशा तिन्ही वाटांनी एकच अक्षर मुलापर्यंत पोहोचत असे.

या मुलांनी परीक्षा दिल्यावर काय घडले?

काही मुले वाचू आणि लिहू लागली. मॉन्टेसरी यांनी त्यांना सरकारी शाळेतील परीक्षेला बसवले आणि ती सामान्य मुलांच्या बरोबरीने उत्तीर्ण झाली. लोकांना हा चमत्कार वाटला. सगळीकडून कौतुक होत असताना मॉन्टेसरी यांच्या मनात वेगळाच प्रश्न होता. ज्यांच्याकडून कुणाला काहीच आशा नव्हती, ती मुले सामान्य मुलांच्या पंक्तीला येऊन बसतात, तर मग सामान्य मुलांच्या शाळांत असे काय चालले आहे की ती मुले याहून पुढे जात नाहीत? आपली मुले पुढे गेली यापेक्षा बाकीच्यांना मागे रोखले जाते आहे, हे त्यांना अधिक खुपले. त्यांचे पुढचे सारे आयुष्य याच प्रश्नामागे गेले.

स्वतःच्या मुलापासून दूर का राहावे लागले?

याच काळात त्यांच्या खासगी आयुष्यात मोठी उलथापालथ झाली. माँतेसानो यांच्यापासून त्यांना ३१ मार्च १८९८ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव मारिओ. दोघांचे लग्न झालेले नव्हते. अविवाहित आईला त्या काळच्या इटलीत डॉक्टर म्हणून उभे राहणे अशक्य होते. बाळाला रोमबाहेर एका कुटुंबाकडे वाढायला ठेवण्यात आले. मॉन्टेसरी त्याला भेटायला जात, पण आई म्हणून नव्हे. पुढे माँतेसानो यांनी दुसरीशी लग्न केले आणि १९०१ मध्ये मॉन्टेसरी यांनी ती शाळा सोडली.

जगभरातील मुलांना वाचायला शिकवणाऱ्या या बाईंना आपल्या मुलाचे बालपण जवळून पाहता आले नाही. आईच्या निधनानंतर, मारिओ साधारण पंधरा वर्षांचा असताना, त्यांनी त्याला आपल्याकडे आणले. त्यानंतरही अनेक वर्षे त्याची ओळख पुतण्या किंवा दत्तक मुलगा अशीच करून दिली जाई. मारिओ मात्र अखेरपर्यंत त्यांच्यासोबत राहिले आणि त्यांच्या कामाचा आधारस्तंभ झाले.

सान लोरेन्झोच्या वस्तीत काय घडले?

शाळा सोडल्यावर मॉन्टेसरी पुन्हा विद्यापीठात विद्यार्थिनी झाल्या. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि मानववंशशास्त्राचा त्यांनी अभ्यास केला. सामान्य मुलांसोबत काम करण्याची संधी १९०७ मध्ये आली. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत एका बांधकाम संस्थेने चाळीवजा इमारती दुरुस्त करून मजूर कुटुंबांना राहायला दिल्या होत्या. आईवडील कामावर गेले की लहान मुले जिने आणि भिंती खराब करत. त्यांना एका खोलीत सांभाळावे, असे संस्थेच्या एदुआर्दो तालामो यांनी ठरवले आणि मॉन्टेसरी यांना बोलावले. ६ जानेवारी १९०७ रोजी ‘कासा देई बांबिनी’ म्हणजे ‘मुलांचे घर’ सुरू झाले. तीन ते सात वर्षांची पन्नासहून अधिक मुले तिथे होती.

इतक्या लहान मुलांना लिहायला-वाचायला शिकवण्याचा मॉन्टेसरी यांचा विचार नव्हता. मागणी केली ती मुलांच्या आयांनी. त्यातील अनेक जणींना स्वतःला अक्षरओळख नव्हती. मुलांना बटणे लावता येतात, हात धुता येतात, वस्तू ओळखता येतात, मग अक्षरे का नाहीत, असा त्यांचा आग्रह होता. अखेर मॉन्टेसरी तयार झाल्या.

पैशांची टंचाई उपयोगी कशी ठरली?

आधीच्या शाळेत वापरला होता तसा देखणा लाकडी संच बनवून घेण्याचा त्यांनी प्रयत्न केला. पण तो बनवून देणारा कुणी मिळेना. शेवटी त्यांनी आणि शिक्षिकांनी मिळून साध्या कागदाची मोठी अक्षरे कापली. एका शिक्षिकेने ती एका बाजूने निळ्या रंगाने रंगवली. बोट फिरवण्यासाठी सुताराकडे असतो तसा खरखरीत सँडपेपर अक्षरांच्या आकारात कापून गुळगुळीत कागदावर चिकटवला.

हे हातचे साहित्य तयार झाल्यावर मॉन्टेसरी यांना उमगले की ते जुन्या महागड्या संचापेक्षा सरस आहे. लाकडी संच एकच होता. त्यात प्रत्येक अक्षर एकदाच असल्याने त्यातून शब्द जुळवता येत नसत. कागदाची अक्षरे मात्र हवी तेवढी कापता येत होती. एकाच अक्षराच्या अनेक प्रती हाताशी आल्या आणि मुले त्यांतून अख्खे शब्द मांडू लागली. मॉन्टेसरी शिक्षणात आजही वापरली जाणारी ‘सुटी अक्षरे’ आणि ‘खरखरीत अक्षरे’ यांचा उगम असा टंचाईत आहे. पुढे रंगांची अदलाबदल झाली. आज बहुतेक मॉन्टेसरी वर्गांत स्वर निळे आणि व्यंजने लाल किंवा गुलाबी असतात. म्हणजे महत्त्व कोणत्या रंगाला आहे याला नाही. दोन गट दोन रंगांत असावेत आणि ते रोज बदलू नयेत, याला आहे.

अक्षरांच्या आधी रंगांचे धडे कशासाठी?

मॉन्टेसरी यांच्या वर्गात मूल अक्षरांपर्यंत पोहोचण्याआधी रंगांशी खेळलेले असे. त्यासाठी रंगीत रेशीम गुंडाळलेल्या छोट्या पट्ट्या होत्या. सुरुवात लाल, निळा आणि पिवळा अशा ठळक रंगांच्या जोड्या लावण्यापासून. नंतर आठ रंगांच्या प्रत्येकी आठ छटा, म्हणजे एकूण ६४ पट्ट्या. गडद ते फिकट असा त्यांचा क्रम लावायचा. पट्ट्यांचा आकार, वजन आणि पोत सारखाच असे, फरक फक्त रंगाचा. मुलाचे लक्ष दुसरीकडे जाऊ नये यासाठी एका वेळी एकच फरक, हा त्यांचा नियम होता.

रंगांची नावे शिकवण्याची रीत सेगँ यांच्याकडून घेतलेली आणि तीन पायऱ्यांची होती. पहिल्या पायरीवर शिक्षिका दोन पट्ट्या दाखवून त्यांची नावे सांगते. दुसरीत ती एखाद्या रंगाचे नाव घेते आणि मूल ती पट्टी उचलून देते. तिसरीत ती पट्टीकडे बोट दाखवते आणि मूल नाव सांगते. मूल चुकले तर रागवायचे नाही, चूक दाखवायचीही नाही. आज त्याची वेळ नाही असे समजून धडा थांबवायचा. नेमक्या याच तीन पायऱ्यांनी पुढे अक्षरे शिकवली जात. रंग ओळखताना मुलाने दोन सारख्या गोष्टींतला फरक बघण्याची सवय केलेली असे. अक्षरे बघताना तीच कामाला येई.

रंगाचे आणखी एक काम हाताशी जोडलेले होते. धातूच्या पत्र्यांतून कापलेले वर्तुळ, त्रिकोण, चौकोन असे आकार मुलांना दिले जात. आकाराभोवती रंगीत पेन्सिल फिरवायची आणि मग आतली जागा रेघांनी भरायची. सुरुवातीला रेघा बाहेर जात, हळूहळू आत राहू लागत. मुलाला आपण चित्र रंगवतो आहोत असे वाटे. प्रत्यक्षात त्याची बोटे पेन्सिल धरायला आणि आवरायला शिकत असत. अक्षरे गिरवण्याचा कंटाळवाणा भाग अशा रीतीने टळला.

वाचनाच्या आधी लेखन कसे आले?

त्या वर्षाच्या हिवाळ्यात ऊन पडले असताना मुले गच्चीवर खेळत होती. मॉन्टेसरी यांनी पाच वर्षांच्या एका मुलाला खडू देऊन समोरच्या धुराड्याचे चित्र काढायला सांगितले. त्याने ते फरशीवर काढले. मॉन्टेसरी यांनी शाबासकी देताच तो क्षणभर थांबला आणि आपल्याला लिहिता येते असे ओरडत खाली बसून त्याने ‘हात’ या अर्थाचा इटालियन शब्द लिहिला. मग ‘धुराडे’ लिहिले, ‘छप्पर’ लिहिले. इतर मुले धावत आली, खडू मागू लागली आणि त्यांतील काहींनी तिथेच आयुष्यातला पहिला शब्द लिहिला. त्याआधी त्यांनी कधी खडूने अक्षर काढलेले नव्हते. त्यांची बोटे खरखरीत अक्षरांवरून फिरली होती, रंगीत पेन्सिलीने हात स्थिर झाला होता आणि सुट्या अक्षरांतून शब्द जुळवणे जमले होते. तिन्ही गोष्टी एका क्षणी एकत्र आल्या.

मॉन्टेसरी यांच्या नोंदींनुसार चार वर्षांच्या मुलांना पूर्वतयारीपासून पहिल्या शब्दापर्यंत पोहोचायला साधारण एक ते दीड महिना लागे. वाचन त्यानंतर येई. शब्द लिहिणे म्हणजे मनातले ध्वनी अक्षरांत उतरवणे. वाचताना दुसऱ्याने मांडलेल्या अक्षरांतून अर्थ काढायचा असतो आणि ते अधिक अवघड, असे त्यांचे म्हणणे होते. वाचनासाठी त्यांनी खेळण्यांची नावे लिहिलेल्या चिठ्ठ्या केल्या. चिठ्ठी बरोबर वाचणाऱ्याला ते खेळणे मिळे. मुलांनी खेळणी बाजूला ठेवली आणि आणखी चिठ्ठ्या मागितल्या.

रंग वाचनापुरतेच होते का?

नाही. मोठ्या मुलांसाठी त्यांनी व्याकरणालाही रंग दिले. नामांची कार्डे काळी, क्रियापदांची लाल, विशेषणांची तपकिरी, सर्वनामांची हिरवी. वाक्यातील शब्द कार्डांनी मांडले की कोणता शब्द कोणते काम करतो हे दिसे. कार्डांची जागा बदलली की वाक्य का बिघडते, हेही मूल स्वतः पाही.

त्यांच्यानंतर इतरांनी ही वाट पुढे नेली. इंग्रजीत एकाच ध्वनीची अनेक स्पेलिंगे असल्याने केवळ स्वर-व्यंजनांचे दोन रंग पुरत नाहीत. इंग्रजी माध्यमाच्या मॉन्टेसरी शाळांत सोप्या शब्दांसाठी गुलाबी, जोडाक्षरांच्या शब्दांसाठी निळी आणि अवघड स्पेलिंगांसाठी हिरवी मालिका रूढ झाली. अलेक्झांड्रियात जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ कालेब गातेन्यो यांनी १९६२ मध्ये प्रत्येक ध्वनीलाच एक रंग देणारी पद्धत प्रसिद्ध केली.

त्यांच्यावर टीका झाली का?

१९०९ मध्ये मॉन्टेसरी यांचे पद्धतीवरील पुस्तक आले, १९१२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि त्या जगप्रसिद्ध झाल्या. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग उभारला गेला आणि लोक बाहेर उभे राहून मुले काम करताना पाहू लागले. मात्र १९१४ मध्येच अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी या पद्धतीवर टीकात्मक पुस्तक लिहिले होते. साहित्य ठरावीक रीतीनेच वापरायचे असल्याने कल्पनाशक्तीला वाव कमी मिळतो आणि इतक्या लवकर लिहिणे-वाचणे गरजेचे नाही, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. इटालियनचे लेखन उच्चाराच्या जवळ असल्याने तिथले यश इंग्रजीत तसेच मिळणार नाही, हा मुद्दाही रास्त होता.

राजकारणाशी त्यांचा संबंधही वादाचा ठरला. १९२४ पासून मुसोलिनी सरकारने त्यांच्या शाळांना पाठबळ दिले आणि त्यांनी ते स्वीकारले. पण स्वतः विचार करणारी मुले आणि हुकूमशाही फार काळ एकत्र नांदणे शक्य नव्हते. १९३४ मध्ये संबंध तुटले आणि इटलीतील शाळा बंद झाल्या. जर्मनीत नाझींनीही त्या बंद केल्या. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा मॉन्टेसरी यांना बार्सिलोना सोडावे लागले. नेदरलँड्समध्ये त्यांनी आसरा घेतला.

भारतात त्या कशा आल्या आणि अहमदनगरशी संबंध काय?

१९३१ मध्ये लंडनमध्ये त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली होती. १९३९ च्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मारिओ यांच्यासह त्या मद्रासला आल्या. अड्यारच्या पहिल्या प्रशिक्षण वर्गाला सुमारे ३०० जण होते. काही महिन्यांचा मुक्काम ठरला होता, पण जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरला आणि ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने हे दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले. मारिओ यांना अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. मॉन्टेसरी यांच्या फिरण्यावर बंधने आली.

३१ ऑगस्ट १९४० हा त्यांचा सत्तरावा वाढदिवस. त्या दिवशी व्हाइसरॉयकडून तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून त्यांच्या मुलाची सुटका करण्यात येत असल्याचे त्यात कळवले होते. चार दशके जे नाते उघड बोलता आले नव्हते, ते अशा रीतीने एका सरकारी तारेत आले. युद्धकाळात दोघे अड्यार आणि कोडाईकनाल येथे राहिले. भारतातील वास्तव्यात त्यांनी एक हजाराहून अधिक शिक्षकांना प्रशिक्षण दिले.

महाराष्ट्रात हा विचार कुणी रुजवला?

मॉन्टेसरी येण्याच्या कितीतरी आधी त्यांचा विचार इथे पोहोचला होता. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांच्यासोबत कामाला लागल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. मॉन्टेसरी यांचे साहित्य महाग होते आणि खेड्यातल्या गरीब मुलांपर्यंत ते जाणे शक्य नव्हते. ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आताचा पालघर) बोर्डी येथे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाने, फुले, बिया, शिंपले, खडे अशा भोवताली मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी साहित्य उभे केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आकाराला आली. कागदाची अक्षरे कापणाऱ्या सान लोरेन्झोच्या शिक्षिकांशी या कामाचे नाते सरळ जुळते.

मराठी वाचायला शिकताना ही युक्ती चालते का?

मराठीत दोन रंगांचा उपयोग इटालियनपेक्षाही अधिक होऊ शकतो. कारण आपल्याकडे स्वर व्यंजनाच्या पुढेच येतो असे नाही. ‘का’मध्ये तो उजवीकडे, ‘के’मध्ये वर, ‘कु’मध्ये खाली आणि ‘कि’मध्ये चक्क आधी लिहिला जातो, उच्चार मात्र नंतर होतो. बाराखडी घोकलेले मूल नवा शब्द आला की अडखळते ते इथेच. व्यंजन एका रंगात आणि मात्रा-वेलांट्या-उकार दुसऱ्या रंगात असले, तर चिन्ह कुठेही असो, स्वर शोधणे सोपे होते. ‘किती’ आणि ‘काका’ या शब्दांत रंगीत भाग कुठे येतो, हे मूल स्वतः हेरते.

मर्यादाही आहेत. ‘घर’मधल्या ‘घ’त दडलेल्या ‘अ’ला चिन्हच नाही, त्यामुळे त्याला रंग देता येत नाही. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला ‘च’ दिसतो सारखा, उच्चारला जातो वेगळा. तिथे कानाचीच मदत घ्यावी लागते. काही मुलांना सगळे रंग नीट ओळखता येत नाहीत, म्हणून आकार आणि स्पर्श यांना सुट्टी देऊन चालत नाही. प्रत्येक अक्षर वेगळ्या रंगात छापलेले तक्ते तर या दृष्टीने निरुपयोगीच. तिथे रंग काहीच सांगत नाही, उलट मूल ‘म’ ओळखण्याऐवजी जांभळा रंग ओळखू लागते.

घरी करून पाहायचे तर दोन रंगांची कार्डशीट आणि कात्री एवढे पुरते. दोनच रंग घ्यावेत, ते बदलू नयेत, एका वेळी दोन-तीनच अक्षरे द्यावीत, अक्षराचे नाव न घोकता ध्वनी उच्चारावा आणि मूल कंटाळले की थांबावे. शब्द जुळू लागले की रंग काढून घ्यावेत, कारण पुस्तके काळ्या शाईतच छापलेली असतात. सायकलच्या मागच्या चाकाला लावलेली आधाराची दोन चाके तोल आला की काढतात, तसेच हे आहे.

अखेरची वर्षे कशी गेली?

मॉन्टेसरी १९४६ मध्ये युरोपला परतल्या, नंतर पुन्हा भारतात येऊन गेल्या. १९४९, १९५० आणि १९५१ अशी तीन वर्षे शांततेच्या नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले गेले, पुरस्कार मिळाला नाही. ६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समधील नूर्डविक येथे त्यांचे निधन झाले आणि तिथेच त्यांना दफन करण्यात आले. मृत्युपत्रात त्यांनी मारिओ यांचा उल्लेख आपला मुलगा असाच केला होता. ज्या इटलीने त्यांच्या शाळा बंद केल्या, त्याच देशाने १९९० मध्ये १ हजार लिराच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. २००२ मध्ये युरो आल्यावर ती नोट चलनातून गेली. सुटी अक्षरे मात्र जगभरातील बालवर्गांत आजही दोन रंगांतच आहेत.